लिलावानंतर उरलेला हिशेब

हप्ते थकल्यामुळे घराचा ताबा गेला आणि लिलाव झाला, की सगळे संपले असे वाटते. आमच्या कुटुंबालाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात कर्जखाते तेव्हाही बंद झालेले नसते, आणि पुढची काही वर्षे कशी जातील हे पुष्कळ अंशी त्या खात्यावर ठरते.

लिलावात आलेल्या रकमेतून आधी वसुलीचा खर्च आणि मग थकबाकी वळती केली जाते. त्यानंतर काही उरले तर ते सहसा कर्जदाराचे असते. भारतात बँकांना तारण मालमत्ता विकून कर्जवसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३ मध्ये तशी तरतूद आहे, आणि रक्कम अपुरी पडल्यास उर्वरित थकबाकीसाठी दाद मागण्याची मुभाही त्याच कलमाने बँकेला दिली आहे. अमेरिकेत काही राज्यांत अशी वसुली करता येते, तर काहींत गृहकर्जापुरती तिला मनाई आहे. म्हणून विक्रीची किंमत, लावलेले खर्च आणि शिल्लक यांचा तपशील लेखी मागावा, मन कितीही विटलेले असले तरी. तडजोड झाली, तर पैसे भरण्यापूर्वी तिचे पत्र आणि भरल्यानंतर खाते बंद झाल्याचा दाखला घ्यावा. तोंडी आश्वासन पुढे कोणीही ग्राह्य धरत नाही.

भाड्याचे घर शोधताना लाज सर्वांत जास्त आड येते. घरमालकाला मात्र एकच काळजी असते : भाडे वेळेवर येईल का? जिथे भाडेकरूचा पतअहवाल, म्हणजे त्याच्या कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद, तपासला जातो, तिथे जप्तीची गोष्ट त्याला कळण्याआधी आपणच सांगावी आणि सोबत पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे व शक्य असल्यास ओळखीच्या व्यक्तीची हमी पुढे ठेवावी. मोठ्या संस्थांचे नियम ठरलेले असतात. एखाद-दुसरे घर भाड्याने देणारा मालक निदान ऐकून घेतो. भाडे जुन्या हप्त्यापेक्षा बरेच कमी असावे, याबाबत मी आग्रही आहे, कारण अनामत रक्कम आणि सामान हलवण्याचा खर्च भागल्यावर थोडी तरी शिल्लक साठली नाही, तर एका आजारपणात पुन्हा उसनवारी सुरू होते.

पतअहवालातील खरी नोंद पैसे घेऊन पुसून देतो असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज स्वतःच करता येतो. खरी नोंद काळानेच जाते. अमेरिकेत तिला साधारण ७ वर्षे लागतात. तोवर मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे लहान मर्यादेचे क्रेडिट कार्ड घेऊन त्याचे पूर्ण बिल दरमहा वेळेवर भरले, तर नव्या, चांगल्या नोंदी साठत जातात. तेही शिल्लक साठू लागल्यानंतरच घ्यावे.