दारावरची गाळणी: आमच्या मेल सर्व्हरची वाटचाल

आमची बहुतेक गिऱ्हाइकं फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मशीद बंदर या पट्ट्यातली: कस्टम हाउस एजंट, शिपिंगवाले, कापडाचे निर्यातदार. इनबॉक्समध्ये चार स्पॅम जास्त आले तर ही मंडळी कुरकुरतात, पण न्हावा शेव्याला कंटेनर उभा असताना बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर चढलेल्या मालाच्या पावतीचा) मेल गायब झाला तर डेमरेज, म्हणजे माल अडकून राहिल्याचा दंड, भरतात. म्हणून मेल गुपचूप डिलीट करायचा नाही, हा नियम पहिल्यापासून आहे. नाकारायचा तर पाठवणाऱ्या सर्व्हरशी कनेक्शन चालू असतानाच. पाठवणाऱ्याला लगेच कळतं. आधी घेऊन मागाहून बाउन्स सोडला, तर तो खोट्या ‘फ्रॉम’च्या (पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या) भलत्याच माणसाकडे जातो आणि आपला आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) काळ्या यादीत.

सुरुवात पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा) यांवर केली. पुढे स्पॅमअसॅसिन सोडून आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम-गाळणीवर आलो. छोट्या सर्व्हरवर ते हलकं पडतं. त्याच्याही आधी पोस्टस्क्रीन, पोस्टफिक्सचाच दारावरचा पहारेकरी: नव्या पाहुण्याला सहा सेकंद थांबवायचं. स्पॅम सोडणाऱ्या बॉटना धीर नसतो, ते नमस्काराआधीच बोलू लागतात आणि तिथेच गळतात.

स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन यादीत (मेल घेऊ नये अशा आयपींच्या यादीत) मात्र नीट लक्ष घालावं लागतं. आयपी यादीत आहे का, हे डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेतून, विचारतात. फुकट यादी गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारली, तर उत्तर येतं १२७.२५५.२५५.२५४. म्हणजे ‘या वाटेने विचारू नका’. कॉन्फिगमध्ये ‘कुठलंही उत्तर आलं की नाकारा’ असं लिहिलेलं असेल, तर जगातला प्रत्येक मेल परत जातो. उपाय दोन: सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस प्रोग्राम बसवा, फॉरवर्डर न देता (म्हणजे प्रश्न दुसऱ्या डीएनएसकडे न ढकलता), आणि ‘यादीत आहे’ म्हणून १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरा. गिऱ्हाइकं वाढल्यावर आम्ही पैसे भरून त्यांची सेवा घेतली, कारण फुकट यादी व्यावसायिक वापरासाठी नाही. ही तपासणी फक्त पोर्ट २५ वर, म्हणजे बाहेरचे सर्व्हर मेल आणून देतात त्या दारावर. आपली माणसं मेल पाठवतात त्या ५८७ वर लावली, तर डोंबिवलीत घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवणारा आपलाच अकाउंटंट अडकतो. घरगुती आयपी त्या यादीत असतातच.

आरस्पॅमडी प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो. त्याचे मूळ आकडे आम्ही हलवले नाहीत: ४ गुणांना ग्रेलिस्ट (‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ म्हणून परतवणं), ६ ला जंक, १५ ला नकार. सरसकट ग्रेलिस्टिंग टाळा, ओटीपी पाच मिनिटांनी येऊन उपयोग काय?

त्यातला बेझ फिल्टर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा भाग, दोनशे स्पॅम आणि दोनशे चांगले मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही. लोक स्पॅम दाखवतात, चांगले दाखवायचं राहतं. डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा प्रोग्राम) याच्या आयमॅपसिव्ह या सोयीने हे परस्पर होतं: मेल जंकमध्ये सरकवला की स्पॅम, जंकमधून बाहेर काढला की चांगला. जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला वगळायचा, नाहीतर साफसफाई करणारा माणूस फिल्टरला उलटं शिकवतो.

चीनमधल्या काही पुरवठादारांचे सर्व्हर कच्चे असतात: रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) नाही, एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) अर्धवट. त्यांचे मेल सहा गुणांच्या वर जातात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पत्ता व्हाइटलिस्ट करा, म्हणजे न तपासता आत घ्या.’ नुसत्या ‘फ्रॉम’वर आम्ही करत नाही; तो कोणीही लिहू शकतो. डीकेआयएमची सही (मेलवर पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) जुळली तरच सूट, नाहीतर त्यांच्या सर्व्हरचा ठरावीक आयपी मागून घेतो.

‘आमचं बँक खातं बदललंय’ हा मेल मात्र बहुतेकदा सगळ्या चाळण्या पार करतो. डोमेनमध्ये एकच अक्षर वेगळं, आणि डोमेन चोराचंच, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही पास. अशा वेळी जुन्या बिलावरच्या नंबरला फोन लावायचा. मेलखाली दिलेल्या नंबरला नाही.