आधी नदी कुठनं जाती ते बघ

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आयोवा सिटी नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठाकडून नोकरीचं पत्र आलं, त्या रात्री मी सांगलीला अण्णांना फोन लावला. आम्ही राहायचो त्या ह्यूस्टनला रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. मला वाटलं, आता थंडीचं विचारतील, बर्फाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "गावातनं नदी जाती का?" म्हटलं, जाते, अगदी मधूनच जाते. "मग कुठनं जाती ते आधी बघ. थंडीचं नंतर बोलू."

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडाला होता. त्याच्या दोन वर्षं आधी हार्वे वादळात ह्यूस्टनला आमची गाडी गेली. म्हणजे पुराचा धडा आम्ही बापलेकींनी दोन वेगवेगळ्या खंडांत घेतलेला. तरीही नव्या गावाचा विचार करताना माझ्या डोक्यात फक्त थंडी होती.

त्याला कारण होतं. माझी मुलगी आठ वर्षांची, आणि तिला दमा आहे. नवऱ्याचं काम घरून चालतं, त्याला कुठलंही गाव चाललं असतं. प्रश्न होता तो माझ्या नोकरीचा आणि लेकीच्या छातीचा. उत्तर द्यायला मार्चअखेरपर्यंत मुदत होती.

पहिला आठवडा मी आकड्यांत घालवला आणि तो बराचसा वाया गेला. जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान उणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपास, वर्षाचा बर्फ साधारण पाऊण मीटर, जुलैत दुपारी तीस. माझं कामच संख्याशास्त्राचं, पण सरासरी थंडी कुणाच्याच अंगाला लागत नाही हे ध्यानात यायला वेळ लागला. २०१९च्या जानेवारीअखेर याच गावात वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे पन्नास फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे पंचेचाळीस सेल्सिअसच्या घरात गेली होती. विद्यापीठानं वर्ग बंद ठेवले होते, आणि त्या कडाक्यात विद्यापीठाच्या आवारात एक विद्यार्थी बाहेर पडलेला सापडला, तो वाचला नाही. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, नको जाऊया.

तो म्हणाला, "आणि आपण २०२१ मध्ये काय केलं?" बरोबर होतं त्याचं. त्या फेब्रुवारीत ह्यूस्टनला पारा उणे दहापर्यंत उतरला. दोन दिवस वीज नाही, शेजारच्या घराचे नळ फुटले, लेकीला आम्ही दोघांच्या मध्ये चार रजयांत घेऊन बसलो होतो. आयोवात तेवढी थंडी म्हणजे जानेवारीतली साधी रात्र. तिथे पाण्याचे पाइप जमिनीत खोल असतात, भिंतीत पुरेसं आवरण असतं, बहुतेक घरांत घर तापवणारी गॅसची भट्टी असते. थंडी किती पडते यापेक्षा ते गाव थंडीला किती तयार आहे, हे बघायला हवं होतं. आणि ते तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

विभागातल्या मंडळींनी सुचवलं, हवा जरा सुधारली की मार्चअखेर या. मी म्हटलं, आम्हाला फेब्रुवारीतच यायचंय, आणि लेकीला घेऊन यायचंय. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. गाव त्याच्या वाईट महिन्यात बघा, आणि गाडीतून बघू नका.

आम्ही पाच दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे वीस होतं. हॉटेलातून मुद्दाम चालत बसथांब्यावर गेलो, अकरा मिनिटं उभे राहिलो. पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ होतात, तसं याआधी कधी झालं नव्हतं. लेक दोनदा खोकली. बॅगेत तिचं पीक फ्लो मीटर होतं, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं. बसमध्ये बसल्यावर फुंकायला लावलं तर १७५, एरवी ती २१० फुंकते. दुसऱ्या दिवशी तीच वाट, तीच वेळ, फक्त तोंडानाकावरून लोकरीचा मफलर दुहेरी गुंडाळला आणि निघायच्या पंधरा मिनिटं आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप दिला. त्या दिवशी २०५. मफलरमधून हवा थोडी उबदार आणि ओलसर होऊन आत जाते, एवढंच त्याचं कारण. या दोन आकड्यांनी मला जेवढा धीर दिला, तेवढा हवामानाच्या कुठल्याच तक्त्यानं दिला नव्हता.

त्रास झाला तो घरातल्या हवेचा. भट्टीनं तापलेली हवा इतकी कोरडी असते की तिसऱ्या रात्री लेकीच्या नाकातून रक्त आलं. थंडीचे कपडे सगळे आठवणीनं घेतात, खोलीतली हवा ओलसर ठेवणारं यंत्र कुणी घेत नाही. आमच्या यादीत ते सर्वांत वर गेलं.

उजेडाचं मात्र मी कागदावरच बघितलं. डिसेंबरात तिथे साडेचारच्या थोडं नंतर सूर्य मावळतो, दिवस जेमतेम नऊ तासांचा. सांगलीत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. मी नव्या साहेबांना सरळ विचारलं, हिवाळ्यात दुपारी पाऊण तास बाहेर चालायला गेले तर चालेल का? त्या म्हणाल्या, आम्ही सगळेच जातो.

आता नदी. आयोवा नदी विद्यापीठाच्या मधून जाते, दोन्ही काठांवर इमारती आहेत. गावाच्या वरच्या बाजूला कोरलव्हिल धरण आहे. १९९३ला आणि पुन्हा २००८ला धरण भरून पाणी सांडव्यावरून गेलं. २००८च्या जूनमध्ये गावात नदी साडेएकतीस फुटांवर गेली, धोक्याच्या पातळीपेक्षा साडेनऊ फूट वर. हँचर हे विद्यापीठाचं मोठं नाट्यगृह त्या पुरात कायमचं गेलं, नवं उंचावर बांधून २०१६ मध्ये उघडलं. पार्कव्ह्यू टेरेस नावाच्या वस्तीतली कितीतरी घरं शहरानं विकत घेऊन पाडली आणि जमीन मोकळी ठेवली. हे मी अण्णांना सांगितलं तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "पाडली? शाणी माणसं आहेत." सांगलीत पूररेषेच्या आतल्या बांधकामांवरून त्यांनी आयुष्यभर भांडणं बघितली आहेत, त्यांच्या तोंडून ही मोठी दाद होती.

सरकारी पूरनकाशा घरबसल्या बघता येतो, पत्ता टाकला की घर कुठल्या पट्ट्यात ते कळतं. पण नकाशा पुरत नाही, हे पहिल्याच घरात कळलं. विद्यापीठाच्या गावांत घरांचे करार ऑगस्ट ते जुलै असे चालतात आणि पुढच्या ऑगस्टचं घर हिवाळ्यातच ठरवावं लागतं. पहिलं घर नदीजवळ, भाडं कमी, तळघरात नवाकोरा गालिचा. दाखवायला आलेल्या एजंटनं सांगितलं, इथे पाणी कधीच आलेलं नाही. मी अण्णांना व्हिडिओवर घेतलं होतं. ते म्हणाले, "गालिचा राहू दे. ती भट्टी दाखव. खाली घे फोन, आणखी खाली." भट्टीच्या पत्र्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चारही बाजूंनी एक सरळ गंजाची रेघ होती. खाली पत्रा तांबूस, वर स्वच्छ. "पाणी गेलं की रेघ ठेवून जातंय," अण्णा म्हणाले. आम्ही त्या घरातून निघालो.

अमेरिकेच्या या पट्ट्यात तळघराशिवाय गत नाही. टोर्नॅडोचा भोंगा वाजला की तळघरात जायचं. १३ एप्रिल २००६च्या संध्याकाळी टोर्नॅडो गावाच्या मध्यातून गेला, जुनं सेंट पॅट्रिक चर्च मोडलं. टोर्नॅडो निदान अरुंद असतो. १० ऑगस्ट २०२०ला डेरेचो नावाचं रुंद वादळ शेकडो मैल सरळ रेषेत गेलं आणि अर्ध्या तासावरच्या सीडर रॅपिड्समधली निम्म्याहून जास्त झाडं घेऊन गेलं. वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. या वादळाला डेरेचो हे नाव १८८८ साली दिलं ते आयोवा सिटीतल्याच एका प्राध्यापकानं, गुस्टाव्हस हिन्रिक्स यांनी. गावाला ही वादळं किती जुनी ओळखीची आहेत, ते यावरून कळलं.

म्हणजे तळघर हवंच. पण पाणी शिरतं तेही तळघरातच. आणि तिसरी गोष्ट मला विभागातल्या एका बाईंनी जेवताना सांगितली, नाहीतर मी ती विचारलीच नसती. रेडॉन. मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा वायू, ना वास ना रंग. तो जमिनीतून झिरपत तळघरात साठतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचा नंबर लागतो. संपूर्ण आयोवा राज्य सर्वाधिक धोक्याच्या गटात येतं, दहापैकी सात घरांत तो लीटरमागे चार पिकोक्युरी या मर्यादेच्या वर सापडतो. ज्या लेकराच्या श्वासासाठी आम्ही एवढी धावपळ करत होतो, त्याची खेळायची खोली बहुतेक तळघरातच असती.

दुसरं घर पूर्वेच्या चढावर होतं, घरमालकीणबाई तिथेच राहत होत्या. तळघरात पाणी उपसायचा पंप होता, आणि वीज गेली तर तो चालावा म्हणून बॅटरी. मी घाबरत विचारलं, रेडॉनची चाचणी करू का? त्यांनी लगेच होकार दिला. लहानसा डबा असतो, दारंखिडक्या बंद ठेवून दोन-चार दिवस तळघरात ठेवायचा आणि पोस्टानं प्रयोगशाळेला पाठवायचा. निघायच्या आदल्या दिवशी उचलला. आठवड्यानं निकाल आला, ९.४. बाईंनी स्वतःच्या खर्चानं तळघराच्या फरशीखालून छतापर्यंत नळी आणि पंखा बसवला, पुन्हा मोजलं, १.६. मग आम्ही सही केली. चाचणीला नको म्हणणारे घरमालकही भेटले होते, त्यांची घरं कितीही चांगली असली तरी सोडून दिली.

निघायच्या दिवशी धरणाकडे गेलो. वर सगळा जलाशय गोठलेला, पण धरणाखाली पाणी वाहतं राहतं. तिथल्या उघड्या झाडांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड बसले होते, आम्ही नऊ मोजले. एक उतरला, पाण्यावर पंजा मारला, मासा घेऊन परत फांदीवर. लेक मफलरमधून म्हणाली, "आई, आपण इथेच यायचं." निर्णय काही तिच्या त्या वाक्यावर घेतला नाही, पण ते वाक्य मी विसरले नाही.

जुलैअखेर आलो. उन्हाळ्याकडे आमचं थोडं दुर्लक्ष झालं होतं. चहूकडे मका आणि सोयाबीन. जुलैत मका इतकी वाफ हवेत सोडतो की दमटपणात ह्यूस्टनची आठवण यावी. मक्याला घाम येतो, असंच इथले लोक म्हणतात. ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं दव गोठेपर्यंत रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण, मग ऑक्टोबरात मळणीची धूळ, शेतात डुकरांचं खत टाकतात तेव्हाचा वास. राज्यात माणसं तीस-बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. लेकीला हिवाळ्यापेक्षा सप्टेंबर जड गेला. विद्यापीठाचं मोठं रुग्णालय गावातच असल्यानं तिची औषधं वेळेत बदलता आली. दम्याच्या माणसासाठी गाव निवडताना शरद ऋतूतली हवा हिवाळ्याइतकीच विचारून घ्या, मी विचारली नव्हती.

बाकी आसपासचं थोडक्यात. शहराच्या बसला तिकीट नाही. बर्फ थांबल्यावर चोवीस तासांत घरापुढची पायवाट आपणच साफ करायची. मंदिर सीडर रॅपिड्सला, गणपतीला शिकागोचं महाराष्ट्र मंडळ गाठायचं तर साडेतीन तास गाडी. आणि ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही विद्यापीठाच्या संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला गेलो. पहिला टप्पा संपला तसे सगळे प्रेक्षक, साठ-सत्तर हजार माणसं, उठून उभी राहिली आणि मैदानालगतच्या लहान मुलांच्या रुग्णालयाकडे वळून हात हलवू लागली. वरच्या मजल्यावरच्या काचेतून आजारी मुलं खाली हात हलवत होती. मला उभ्या उभ्या रडू आलं.

यंदा मे महिन्यात अण्णा आले. बॅग ठेवली, चहा घेतला आणि म्हणाले, नदी दाखव. धरणाच्या सांडव्याखाली १९९३च्या पुरानं माती वाहून नेऊन जुना समुद्रतळ उघडा पाडलाय, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. खडकात प्रवाळ आणि शिंपले जसेच्या तसे दिसतात. अण्णा उकिडवे बसले, बराच वेळ एका प्रवाळावर बोट फिरवत राहिले. नातीला म्हणाले, "पाण्यानं झाकलंवतं, पाण्यानंच उघडलं." संध्याकाळी परसात काजवे निघाले, राजमाचीला दिसतात तसे, आणि दोघं ते मोजत बसले.

आता ते परत गेलेत. सांगलीत पाऊस सुरू झालाय. रोज रात्री त्यांचा फोन येतो, "आयर्विनला बावीस फूट, कोयनेतनं अजून सोडलं नाही. तुमच्याकडं?" मी फोन कानाला धरूनच नदीची पातळी उघडते आणि वाचून दाखवते.