धरण-नदीच्या जोड्या संगणकाला शिकवताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी संगणकाला मराठी मजकूर वाचून माहिती गोळा करायला शिकवायचं ठरलं, तेव्हा मी विषय मुद्दाम आपल्या भागातला घेतला. मराठवाड्यातलं कोणतं धरण कोणत्या नदीवर आहे? पारख करायला माणूस घरातलाच होता. माझे काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते.

पद्धत जुनीच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने २०१० साली 'नेल' ही प्रणाली अशीच रात्रंदिवस वेबवरचा मजकूर वाचायला बसवली होती. मी सुरुवातीला तीन जोड्या दिल्या: जायकवाडी-गोदावरी, येलदरी-पूर्णा, माजलगाव-सिंदफणा. ही नावं जिथे एकत्र येतात ती वाक्यं संगणक हुडकतो, मधले शब्द साचा म्हणून उचलतो आणि त्या साच्यात बसणाऱ्या नव्या जोड्या आणतो.

मराठीत आधी प्रत्यय सोडवावे लागतात. जालन्यात, पूर्णेवर, लातूरहून. मूळ नाव हाती आल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. इंग्रजीत मोठ्या अक्षरावरून विशेषनाम ओळखता येतं, देवनागरीत ती सोय नाही.

'नदीवर' या साच्याने धरणांबरोबर पूल आणले, घाट आणले. मग पुलांच्या वाक्यांतून नवे साचे निघाले आणि यादी भरकटत गेली. नेललाही हे चुकलं नव्हतं. इंटरनेटवरच्या कुकीज त्याने बेकरीच्या पदार्थांत घातल्या, आणि त्यांच्या मागोमाग संगणकातल्या फाइल्सही तिथेच गेल्या. यावर उपाय म्हणजे नियमांचा पहारा. जोडीतलं डावीकडचं नाव धरणाचंच हवं, आणि कोणती नदी कुठे मिळते या नोंदींत एक नदी एकाच नदीला मिळते.

या दुसऱ्या नियमाने मात्र खरी माहितीच यादीबाहेर टाकली. तापीचे उल्लेख जास्त सापडल्यामुळे यंत्राने पूर्णा तापीला मिळते एवढंच ठेवलं. संध्याकाळी काकांनी कागदावर बोट ठेवलं. "अगं, तापीला मिळते ती विदर्भातली पूर्णा. आपली अजिंठ्याच्या डोंगरातून निघते अन् गोदावरीला मिळते. येलदरीच्या खाली सिद्धेश्वर, तेही हिच्यावरच. ते कुठाय तुझ्या यादीत?" नुसत्या संख्येवर विश्वास टाकणारं यंत्र हे कधीच सांगू शकलं नसतं. आता पूर्णेच्या नोंदी तीन आहेत: दोन नद्या आणि परभणी जिल्ह्यातलं गाव.

सिद्धेश्वर आलं, पण जिल्हे दोन घेऊन. एका वाक्यात परभणी, दुसऱ्यात हिंगोली. दोन्ही आपापल्या काळी बरोबर, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वर्ष न लावता साठवलेली माहिती अशी एकमेकींशी भांडते. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत मी मूळ वाक्य, ते कुठून घेतलं आणि कोणत्या सालचं, हे सगळं ठेवते. फाइल फुगते, पण काकांनी एखाद्या ओळीवर शंका काढली की यंत्राने काय वाचून तसं ठरवलं ते लगेच उघडून दाखवता येतं.