गोळीच्या आवाजाला बिचकणारा कुत्रा

श्वानपथकासाठी आणलेला कुत्रा वासात पक्का निघतो, चेंडूसाठी जीव टाकतो, आणि पहिल्याच गोळीला हँडलरच्या, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या-सांभाळणाऱ्या माणसाच्या, पायांत शिरतो. मग कुणीतरी सांगतं, ‘गोळीबाराच्या रेंजवर नेऊन बांधा, चार दिवसांत सरावेल.’ बंदुकीला कायमची धास्तावलेली कितीतरी कुत्री या सल्ल्यानेच घडवली आहेत. बांधलेल्याला पळता येत नाही, त्यामुळे गोळीगणिक भीती साठत जाते. तिसऱ्या दिवशी तो लाळ गाळत गप्प पडून राहिला की लोक म्हणतात ‘सरावला’. खरं तर तो थिजलेला असतो, आणि सुटला की पहिला धावतो तो गाडीकडे.

सुरुवात पशुवैद्यापासून करावी. लहानपणी कशालाही न भिणारा कुत्रा मोठेपणी आवाजाला दचकायला लागला, तर कानांबरोबर कंबर, कोपर आणि गुडघेही तपासून घ्या. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं, त्यांच्यात ही भीती इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. त्यांचा तर्क असा, की दचकताना अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते आणि कुत्रा ती कळ आवाजाच्या खात्यावर मांडतो. अशा कुत्र्याला दुखण्यावर उपचार न करता सराव देणं म्हणजे त्याचा छळ आहे.

आवाज कमी-जास्त करायचं आपल्या हातातलं बटण म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. फटाक्याच्या आवाजाची शिखर पातळी ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असा आपल्याकडचा नियम आहे. त्या मर्यादेतला फटाका १२८ मीटरवर ११५ च्या आसपास येतो. अंतर पाच वेळा दुप्पट, म्हणून ३० डेसिबल कमी. बारा बोअरची बंदूक जवळून १५० च्या वर जाते. म्हणून ‘लांबून वाजवा’ म्हणत वीस मीटरवर उभं राहणं म्हणजे लांब नव्हे. शिवाय हे गणित सपाट माळरानाचं. खडीच्या खाणीत किंवा डोंगराच्या कुशीत आवाज आदळून परत येतो आणि एका गोळीच्या दोन होतात. वारा कुत्र्याच्या दिशेने वाहत असेल तर आणखी मागे सरका.

आवाज कशाने काढायचा? हातभर लांबीच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडल्या की आपटल्यावर कोरडा, तुटक आवाज येतो. त्यानंतर दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल, मग शर्यतीला वापरतात तसं ६ मिमीचं खोट्या काडतुसांचं पिस्तूल, आणि शेवटी खरं शस्त्र. ते फक्त अधिकृत रेंजवर आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातात. मोबाइलवरच्या गोळीबारावर फार विसंबू नका. छोट्या स्पीकरमधून दणक्याचा खालचा सूर येतच नाही आणि खऱ्या गोळीत हवेचा दाब ज्या झटक्याने चढतो तोही नाही. पिल्लाची तोंडओळख म्हणून ठीक, एवढंच. फटाके तर नकोतच. वातीची फुरफुर आणि धूर ही आधीची सूचना होऊन बसते, आणि एक सुतळी बॉम्ब दुसऱ्यासारखा कधीच वाजत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, क्रम. आधी आवाज, साधारण सेकंदाने खाऊ. उकडलेल्या चिकनचे किंवा कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे, एका आवाजाला तीन-चार, एकामागून एक. आवाज नाही तर हा खाऊही नाही, दिवसभरात कधीच नाही. आपण प्रेमापोटी काय करतो, कुत्र्याला आधी खायला लावतो आणि तो रमला की फळी वाजवतो. काही फेऱ्यांत त्याला कळतं, की चिकनचा डबा उघडला म्हणजे आता दणका येणार, आणि डबा बघूनच तो मागे सरतो. एका सत्रात पाच-सहा आवाज पुरेत. मधलं अंतर कधी एक मिनिट, कधी तीन. आठवड्यातून तीनदा, जेवणाच्या वेळेआधी, आणि तेवढा खुराक रोजच्या वाटीतून वजा.

कुत्र्याची भूकच तुम्हाला सांगते की अंतर बरोबर आहे का. तुकडा नेहमीसारखा अलगद घेऊन तुमच्या तोंडाकडे बघत असेल तर ठीक. एरवी हळू घेणारा बोटांना दात लावून ओढायला लागला, तर ताण चढतोय. हुंगून सोडला, तर अंतर दुप्पट करा. खाऊकडे बघतच नाही, शेपूट पोटाखाली, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय, गाडीकडे ओढतोय, असं असेल तर त्या दिवसाचं काम संपलं, आणि पुढचे चार-पाच दिवसही आवाज नाही. ‘शेवट चांगला करू’ म्हणून आणखी एक वाजवायचा मोह आवरा. जांभई, ओठ चाटणं, थंडीतही धाप, ही त्याआधीची लक्षणं आहेत. नवखे हँडलर ती ‘कंटाळलाय’ म्हणून सोडून देतात.

आवाज होताच कुत्रा कान उभे करून ‘आण’ अशा नजरेने तुमच्याकडे वळू लागला, आणि हे लागोपाठ दोन सत्रांत दिसलं, की अंतर चौथाईने कमी करा. १६० मीटरचे १२०, मग ९०. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जवळ येताना हत्यार तेच ठेवा, हत्यार बदललं की पुन्हा लांब जा. एका गोळीवरून लागोपाठ दोनवर जाणं ही नवी पायरी आहे, तिथेही मागे सरकावं लागतं.

कुत्रा आवाजाच्या आधीच्या खुणाही पाठ करतो. वर गेलेला हात, ठरावीक माणूस, वॉकीटॉकीची खरखर, आणि हँडलरने नकळत आवळलेला पट्टा. म्हणून वाजवणाऱ्याला आडोशाला ठेवा आणि इशारा न देता ठरलेल्या दहा मिनिटांत कधीही वाजवू द्या. हँडलरलाच क्षण माहीत नसला की पट्टा आवळला जात नाही. कधीकधी त्याच मैदानावर एकही आवाज न करता नुसतं फिरून परत या. आणि कुत्रा घाबरून चिकटला तर त्याला थोपटलं तरी चालतं. धीर दिल्याने भीती वाढत नाही. कुरवाळू नका हा जुना हुकूम निराधार आहे.

गोळीचा अर्थ काय शिकवायचा, हे कामावर ठरतं. हल्ल्यासाठी तयार केलेल्या कुत्र्याला गोळीनंतर सरावाची जाड बाही चावायला दिली की तो आठवड्यात निर्भय दिसतो, पण मग प्रत्येक गोळीला पट्टा तोडायला बघतो. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यात ही उसळी धोक्याची. त्याने गोळी ऐकून एकदा तुमच्याकडे बघावं आणि पुन्हा नाक खाली घालावं, एवढंच हवं. त्यासाठी खाऊ बरा, चावाचावी नको. कामाच्या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय आयजीपी परीक्षेतही किमान १५ पावलांवरून ६ मिमीच्या पिस्तुलाचे दोन बार काढतात आणि कुत्र्याने दुर्लक्ष करणंच अपेक्षित असतं.

खऱ्या रेंजवर कुत्रा कायम नेमबाजाच्या मागे आणि बाजूला ठेवा. नळीच्या पुढे दणका खूप मोठा असतो. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे तिच्या वाटेच्या बाजूला असलेल्याला आधी कडाका आणि मग नळीचा बार असे दोन आवाज येतात. ते वेगळे शिकवावे लागतात.

दिवाळी, लग्नाच्या वराती, गणपतीची मिरवणूक या दिवसांत सराव बंद. तेव्हा कुत्रा आतल्या खोलीत, खिडक्या बंद. काही कुत्र्यांना औषधाची गरज लागते. ते पशुवैद्याने ठरवायचं, पण एक विचारून घ्या. एसप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाने कुत्रा नुसता सुस्त पडतो, आतली भीती तशीच राहते, आणि काहींना आवाज जास्तच टोचतो. त्या एकट्या औषधावर दिवाळी काढू नये. दोनशे-तीनशे मीटरवरच्या फळीच्या आवाजालाही महिनोन्‌महिने खाऊ नाकारणाऱ्या कुत्र्याला, माझ्या मते, गोळीचा संबंध नसलेलं काम द्यावं.

तयार कुत्र्यालाही महिन्यातून एकदा चार-पाच लांबच्या गोळ्या आणि त्यांचा खाऊ चालू ठेवा. बिचकणारा कुत्रा अचानक एकदम निर्धास्त झाला, तर खूश होण्याआधी तो झोपेत असताना मागून हलकी शिट्टी वाजवून बघा. कान हलला नाही, तर ऐकू येणं कमी झालेलं असू शकतं. मग रेंज बंद, आणि कानांची तपासणी आधी.