अंजीर झाडावर अडून बसतं तेव्हा

घरच्या अंजिराबद्दल हिवाळा सरता सरता हमखास येणारा प्रश्न असा: फळं लिंबाएवढी झाली, त्यानंतर कित्येक दिवस ना वाढतात, ना पिकतात; तोडून तांदळात घालावीत का? घालू नका. अंजीर आंब्यासारखं अढीत पिकत नाही. हिरवं तोडलं तर मऊ पडेल, सुरकुतेल, पण गोड होणार नाही. फळातली बहुतेक साखर शेवटच्या आठ-दहा दिवसांत झाडाकडून येते. देठ तुटला की ती वाट बंद.

अडून बसणं हा रोगही नाही. अंजिराची वाढ तीन टप्प्यांत होते. आधी फळ भराभर मोठं होतं. मग थबकतं: आकार तोच, रंग तोच, हाताला दगडासारखं टणक. या काळात बदल आतल्या आत होत असतात. उंबराचं फूल जसं कुणाला दिसत नाही तसंच अंजिराचंही. फळ म्हणतो ती बाहेरून मिटलेली पिशवी असते आणि आत शेकडो बारीक फुलं दाटलेली असतात. शेवटच्या टप्प्यात फळ पाहता पाहता फुगतं, रंग बदलतं, मऊ होतं. मधला टप्पा थंडीत लांबतो, म्हणून जानेवारीत ताटकळलेली फळं मार्चचं ऊन लागलं की एकदम हलतात. ‘पुणे अंजीर’ या जातीला फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत साधारण 120 ते 140 दिवस लागतात. तेवढे दिवस मोजा, मगच काळजी करा.

घाईच असेल तर तेलाची जुनी युक्ती आहे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ती फार पूर्वीपासून वापरतात. फळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं, तो अंजिराचा डोळा. कानकोरण्याच्या कापसाने त्यावर खाद्यतेलाचा एकच थेंब टेकवायचा. ऑलिव्हचं तेल वापरण्याची पद्धत आहे. तेलामुळे फळात इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि पिकण्याची क्रिया सुरू होते. वेळ बरोबर साधली तर पाच-सात दिवसांत फळ हाताशी येतं. सगळी गोम त्या वेळेत आहे. डोळा हिरवा, घट्ट असताना तेल लावलं तर फळ नुसतं रंगतं, फिकं राहतं, कधी गळूनही पडतं. डोळ्याभोवती लालसर छटा आली की वेळ झाली. खात्री करायची तर एक फळ बळी द्या: उभं चिरा. गर पांढरा असेल तर थांबा, गुलाबी व्हायला लागला असेल तर बाकीच्यांना तेल लावा. तरी माझं मत असं की घाई नसेल तर अंजीर आपल्या गतीने पिकू द्यावं. चवीत फरक कळतो. आणि एकाच दिवशी सगळ्या फळांना तेल लावू नका, सगळी एकदम पिकली तर खाणार कोण?

आता खरी अडचण, ती म्हणजे तांबेरा. फळं मध्येच अडून राहण्याचं आणि कधीच न पिकण्याचं आपल्याकडचं मोठं कारण हेच. पान उलटून पाहा. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी-नारिंगी फोड दिसतात, बोट फिरवलं की गंजासारखी पूड बोटाला लागते. वरच्या बाजूला पिवळट ठिपके, मग पान करपतं आणि गळतं. फांदीवर उघडी फळं तेवढी राहतात. साखर बनवणारं पानच उरलं नाही तर फळात गोडी येणार कुठून? दमट हवेत हा रोग झपाट्याने पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि ढगाळ थंडीत पानामागे लक्ष ठेवायचं. गळलेली पानं गोळा करून जाळायची किंवा लांब पुरायची, खतात टाकायची नाहीत. पाणी बुंध्याशी द्यायचं, पानांवर नाही.

फवारणीला एक टक्का बोर्डो मिश्रण पुरतं, आणि ते घरी होतं. एक लिटरसाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 10 ग्रॅम चुना. मोरचूद बारीक कुटून अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालणार नाही. दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात चुना कालवून फडक्यातून गाळा. मग मोरचुदाचं निळं पाणी चुन्याच्या गाळलेल्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार होतं. त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं उरलं आहे आणि त्याने पानं भाजतील; चुन्याचं पाणी थोडं आणखी घाला, पुन्हा खिळा बुडवा. खिळा स्वच्छ निघाला की फवारा, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू विशेष. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. फळं रंगायला लागली की फवारणी बंद.

बहार, म्हणजे छाटणी करून फळं धरण्याचा हंगाम, कुठला धरायचा, यावर निम्मं काम ठरतं. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरला दोन बहार घेतात. जूनमध्ये छाटणी करून धरलेला खट्टा बहार. त्याची फळं थंडीत येतात आणि गोडीला कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा मीठा बहार. त्याची फळं साधारण मार्च ते मे, कोरड्या उन्हात पिकतात. बाजारभावाचा हिशोब शेतकऱ्याला करावा लागतो, घरच्या झाडाला नाही, म्हणून परसात मीठाच धरावा. कोकणात, गोव्यात, मुंबईत तर दुसरा पर्यायच नाही: फळं पावसाच्या आत उतरली पाहिजेत.

पाऊस ओसरला की तीन-चार आठवडे पाणी तोडून झाडाला ताण द्या. पानं पिवळी पडून गळू लागली की छाटणी. फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरतं, म्हणून जुन्या फांदीचा शेंड्याकडचा सुमारे एक तृतीयांश भाग काढायचा. सुकलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. झाडाच्या पोटात ऊन शिरलं पाहिजे. कापांवर बोर्डो पेस्ट लावायची: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. मग आळ्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळून भरपूर पाणी द्यायचं. युरियाचा मोह नको. झाड हिरवंगार होतं, हाताएवढी पानं येतात आणि फळं मोजकीच.

अंजिराचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, त्यावर ऊन पडलं तर फोडही येतात. छाटणीला हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

फळं तडकतात ती पाण्याच्या लहरीमुळे. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम बादलीभर, असं झालं की गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. बुंध्याभोवती तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाणी थोडं पण नियमित द्या, फळ मऊ पडू लागलं की जरा हात आखडता घ्या. कुंडीतल्या झाडाला हे जास्त जपावं लागतं. कुंडी 18-20 इंचांहून लहान नको, खालची छिद्रं मोकळी हवीत, मातीत एक वाटा मुरूम किंवा जाड वाळू हवी. अंजिराला चुनखडीची हलकी जमीन मानवते, साचलेलं पाणी नाही. पाणी असूनही झाड दुपारी मान टाकत असेल तर मूळ उकरून पाहा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. अशा जागी निंबोळी पेंड वाढवा आणि भोवती झेंडू लावा. खोडातून भुसा पडत असेल तर तो खोडकिडा: छिद्रात तार घालून अळी काढा, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखलाने लिंपा.

रोप घेताना फाटे कलम (फांदीचा तुकडा लावून केलेलं) किंवा गुटी कलमच (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं) घ्यावं. दुकानातल्या सुक्या अंजिराची बी पेरू नका. ती उगवते, पण त्यातून नर झाड निघू शकतं, किंवा फळ धरायला विशिष्ट चिलटाची गरज असलेलं मादी झाड. ते चिलट इथे नसल्याने फळं लहानपणीच गळतात. पुणे अंजिराला परागीकरण लागत नाही. त्याच्या बिया पोकळ असतात आणि उंबरात सापडतात तशी चिलटंही त्यात नसतात. जाधववाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. पुरंदरच्या बाजूला जाणं झालं तर तिथे चौकशी करावी.

तोडणीची खूण फळच देतं. मान लवते, ताठ उभं असलेलं अंजीर देठाशी झुकतं, हिरव्यावर जांभळट-विटकरी झाक येते, सालीवर बारीक रेषा उमटतात. कधी डोळ्याशी मधासारखा थेंब दिसतो. देठ तोडल्यावर पांढरा चीक भळाभळा आला तर एक-दोन दिवस लवकर तोडलं. बुलबुल आणि वटवाघळं ही खूण आपल्याआधी ओळखतात, म्हणून रंग धरताच प्रत्येक फळाला जाळीची छोटी पिशवी बांधा. तोडणी सकाळी लवकर, फळ हलकं वर उचलून देठासकट. टोपलीत अंजिराचीच पानं अंथरा, फळं एकाच थरात ठेवा आणि त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, पण गार अंजिराचा वास दबतो. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावीत.