एक्झिट कोड १३७

"ताई, सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे, मग पोस्टग्रेस डेटाबेस मेला कसा?" आज बाणेरच्या ऑफिसात टीममधल्या नव्या मुलाने विचारलं.

स्क्रीनवर एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस बंद पडताना मागे ठेवते तो आकडा: १३७. म्हणजे १२८ अधिक ९. १२८ सांगतो की प्रोसेस सिग्नलने बंद पडली, ९ हा थेट मारण्याचा सिग्नल. इथे मेमरी संपली म्हणून तो कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने दिला होता. पोस्टग्रेस ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बंदिस्त कप्प्यात चालत होता, त्याची मेमरीची मर्यादा होती २ जीबी. उरलेली रॅम त्याच्यासाठी नव्हतीच.

सीपीयू कमी पडला तर डेटाबेस रेंगाळतो, मेमरी संपली की जीवच जातो. शेअर्ड बफर्सला, म्हणजे पोस्टग्रेसच्या सामाईक कॅशला, मेमरीचा पाव हिस्सा द्यायचा हे बहुतेकांना पाठ असतं. पण वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामांसाठीची मेमरी, प्रत्येक कनेक्शनच्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू शकते, तो हिशोब राहून जातो.

मर्यादा वाढवून मोकळं होता आलं असतं. त्याने कारण विचारलं, मला फार बरं वाटलं. असं विचारायला आपण नव्या मुलांना पुरेसा वेळ देतो का?