सरांचं फर्निचर

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. कोषागाराकडून पेन्शनरांची यादी येते आणि ज्यानं-त्यानं येऊन आपल्या नावापुढं सही करायची, की बाबा, मी आहे. सहीला लागतात दोन मिनिटं, पण दोन मिनिटांत कुणी उठत नाही. गुडघे, सुना, महागाई भत्ता, सगळं होतं. आम्ही त्यांच्यासाठी वेगळं टेबल लावतो आणि गर्दीत जमेल तेवढं ऐकतो.

त्या दिवशी त्या टेबलाशी सर बसले होते. कराडजवळच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. विषय मराठी. अर्ध्या तालुक्याला त्यांनी व्याकरण शिकवलंय, त्यामुळं आडनावाची गरजच पडत नाही, सगळे ‘सर’ म्हणतात.

मी पासिंगला बसते, म्हणजे चेक आणि स्लिपा तपासून मंजूर करते. साडेअकराच्या सुमारास आमचा एक खातेदार आला. चाळिशीचा, कृषी सेवा केंद्र चालवतो. हातात बायकोच्या खात्याचा चेक आणि एनईएफटीचा, म्हणजे दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचा फॉर्म. रक्कम ६२,५००. तिच्या खात्यात येतं ते दुधाचं बिल, आणि जातं ते शाळेची फी नाहीतर भिशी. फॉर्मवरचं खातं उत्तरेकडच्या एका राज्यातलं, कुणा माणसाचं साधं बचत खातं. असं दिसलं की मी विचारते. खातेदाराला राग येतो, येऊ दे.

“एवढं काय घेताय?”

“फर्निचर, मॅडम. सोफा, डबल बेड, फ्रिज, एसी, इन्व्हर्टर. सीआरपीएफचे साहेब आहेत, बदली झाली त्यांची, सगळं काढून टाकतायत. पंच्याण्णव हजारात. पस्तीस काल रात्री फोनवरनं टाकले. राहिलेले साठ, वर अडीच हजार गाडीचे, ते परत मिळणारेत. गाडी भरून उभीय म्हणतायत, जरा लवकर करा.”

“ओळखीचे आहेत?”

“आमच्या सरांचे दोस्त. सरांनीच सांगितलं.”

“कोणते सर?” असं विचारल्यावर त्यानं नाव घेतलं. मी नुसतं बोट दाखवलं. “ते काय, बसलेत.”

गडी आधी खूशच झाला! तसाच टेबलाकडं गेला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “सर, आत्ता तुमच्याच मित्राचे पैसे भरतोय.”

सरांनी चष्मा वर केला. “कोणता मित्र रे?”

पुढची दहा मिनिटं शाखेत कुणाचंच काम झालं नसेल. त्यानं मोबाईल काढून मेसेंजर उघडलं. सरांचं नाव, सरांचाच सेवापूर्ती समारंभातला फेट्यातला फोटो. खाली बोलणं सगळं हिंदीत, तेही मोडकं: ‘कैसे हो’, ‘अपना नंबर भेजो’, ‘मेरा दोस्त सीआरपीएफ में है, वो कॉल करेगा’. मग त्या ‘साहेबां’चा व्हॉट्सॲपवर फोन, गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सामान भरलेल्या ट्रकचा फोटो. सरांनी सगळं वाचलं आणि पहिलं काय विचारावं? “मी तुझ्याशी हिंदीत बोलेन, असं तुला वाटलंच कसं?” ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापणारा हा माणूस. विद्यार्थी खाली मान घालून म्हणाला, “मला वाटलं, मोबाईलवर तुम्हाला मराठी टाइप करता येत नसेल.”

यात मला हसू आलं नाही. अशा फसवणुकीत ऐकणारा नेहमी समोरच्याच्या वतीनं खुलासे शोधत बसतो. भामट्याला फारसं काही करावं लागत नाही.

सर पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “पण मी तर गेल्या आठवड्यातच पासवर्ड बदललाय!” नातवानं बदलून दिला होता. इथंच बहुतेकांची गल्लत होते. सरांचं खातं कुणी फोडलंच नव्हतं. ते जागेवर शाबूत होतं. त्याच्या शेजारी कुणीतरी त्याच नावाचं, त्याच फोटोचं दुसरं उघडलं, सरांच्या मित्रयादीतल्या एकेकाला पुन्हा विनंती पाठवली, आणि ‘सरांनी नवीन अकाउंट काढलं वाटतं’ म्हणून सगळ्यांनी ती मान्य केली. लागणारा माल उघड्यावर होता. अकराशेच्या वर मित्र, कुणालाही दिसणारी यादी, आणि प्रत्येक फोटोखाली ‘सर, सादर प्रणाम’, ‘सर, आपला १९९८ च्या बॅचचा विद्यार्थी’. कुणाच्या शब्दाला कुठं किती वजन आहे, हे परक्या माणसाला यावरून अर्ध्या तासात कळतं. गणवेशाचं सोंगही त्याच हिशेबानं निवडलेलं. या सातारा जिल्ह्यात फौजेतला माणूस म्हटलं की कुणी पावती मागत नाही.

प्रायव्हसीचा विषय निघाला की लोक म्हणतात, “माझ्याकडं लपवण्यासारखं काय आहे?” सरांकडंही काही नव्हतं, आणि त्यांचा एक रुपयाही गेला नाही. गेला तो त्यांच्या शब्दावर विसंबणाऱ्याचा. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघड झालं, म्हणजे फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेतून लोकांची माहिती या कंपनीकडं गेल्याचं कळलं, तेव्हा फेसबुकनं भारताचे आकडे दिले होते. ती प्रश्नमंजुषा आपल्याकडं वापरली होती ३३५ जणांनी, आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार जणांची. बाकीच्यांनी काहीही केलं नव्हतं, ते फक्त कुणाचे तरी मित्र होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही आला. चांगलंच झालं. पण आपणच अकराशे माणसांची यादी दारावर लावली असेल, तर कायदा काय करणार?

तर, चेक मी परत दिला आणि त्याच्याच फोनवरून १९३० लावायला सांगितलं. सायबर फसवणुकीची ही सरकारी हेल्पलाइन. लोक आधी पोलीस ठाणं, मग वकील, मग मेहुणा असं करत बसतात आणि तेवढ्यात पैसे तीन खाती पुढं जातात. तिथं व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, बँक आणि रक्कम विचारतात, म्हणून फोन लावण्याआधी हे कागदावर उतरवून घ्यायला लावलं. तक्रार नोंदली की समोरच्या बँकेला सूचना जाते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवलं जातं. रात्र मध्ये गेली होती. नंतर कळलं की त्याच्या पस्तिसातले नऊ हजार तेवढे सापडले, पुढच्या एका खात्यात. तेही लगेच हातात येत नाहीत.

“बँक भरून देणार नाही का?” त्यानं विचारलंच. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात संरक्षण दिलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. पण ते बाहेरच्या कुणी परस्पर पैसे काढले तर. इथं पिन यानंच टाकला होता. हे सांगताना मला दरवेळी जड जातं.

तोवर सरांनी स्वतःचा फोन काढला होता. त्यांच्या विद्यार्थ्यांचे बॅचवार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. प्रत्येकावर त्यांनी लिहिलं, शुद्ध मराठीत, पूर्णविरामांसह: ‘माझ्या नावाने कोणी पैसे अथवा दूरध्वनी क्रमांक मागितल्यास देऊ नये. मी फर्निचर विकत नाही.’ उत्तरं धडाधड आली. मस्कतच्या एकानं गावी आई-वडिलांसाठी म्हणून वीस हजार आधीच पाठवले होते. ठाण्यातल्या एका बाईंना चार दिवसांपूर्वीच संशय आला होता. त्यांनी ब्लॉक केलं, पण सरांना कसं विचारायचं म्हणून बोलल्या नाहीत. ही भीड त्या भामट्याला चांगली माहीत असणार. दुपारभर शे-दीडशे जणांनी मिळून त्या खोट्या प्रोफाइलची तक्रार केली, संध्याकाळी ते गेलं. एकट्या सरांनी केली असती तर किती दिवस लागले असते कुणास ठाऊक.

मी म्हटलं, “सर, फेसबुक बंदच करून टाका ना.” ते म्हणाले, “आणि मग?” बायको वारल्यावर घरात एकटे. मुलगा बंगळुरूला. मागच्या वर्षी छातीत दुखलं, तेव्हा पुण्यात दवाखाना गाठून दिला तो फेसबुकवरच पुन्हा भेटलेल्या विद्यार्थ्यानं. शाळेच्या वाचनालयाचं छप्पर एका बॅचनं घातलं, तेही तिथंच ठरलं. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन घेऊन मित्रयादी फक्त त्यांनाच दिसेल अशी केली, प्रोफाइल लॉक केलं, जुन्या सगळ्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या केल्या. नातीच्या वाढदिवसाचा, तिच्या शाळेच्या पाटीसमोरचा फोटो मात्र काढून टाका म्हणाले. ते मी सुचवलं नव्हतं.

चार दिवसांनी सर पैसे काढायची स्लिप घेऊन आले. छत्तीस हजार, आणि ते त्या विद्यार्थ्याच्या खात्यात भरायचे. मी विचारलं, “पस्तीस ना?” म्हणाले, “त्याचा जाण्यायेण्याचा खर्च.” समजावून पाहिलं. ऐकेनात. त्यांचे पैसे, त्यांची सही, मी पास केलं. दुसऱ्या दिवशी तो कृषी सेवा केंद्रवाला तेवढीच रक्कम सरांच्या खात्यात भरायला हजर. सर हे मानणार नव्हतेच. त्या आठवड्यात ती रक्कम दोन खात्यांत येत-जात राहिली, शेवटी दोघं एकदमच माझ्या काउंटरपुढं उभे राहून भांडायला लागले. मागं रांग होती. मी दोघांनाही सांगितलं, आधी बाहेर जाऊन चहा घ्या, काय ते ठरवा आणि मग एकच स्लिप घेऊन आत या.